‘ड्राय’च्या विरुद्ध काय?

पेरणीच्या तोंडावर परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या एखाद्या कृषी केंद्रात गेलात, तर सोयाबीनच्या पिशवीला शिवलेलं लेबल जरा थांबून वाचा. ‘जर्मिनेशन’ आणि पुढे आकडा: किमान 70 टक्के. शंभर दाण्यांतले सत्तर तरी उगवले पाहिजेत, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. त्याच्या घरातलं पोर मात्र वहीत ‘जर्मिनेशन म्हणजे उगवण’ एवढं लिहून, स्पेलिंग घोकून पुढच्या शब्दाकडे वळतं आणि आठवडाभरात तो शब्द विसरतं.

मराठीच्या पेपरात आपण काय करतो? समानार्थी शब्द लिहा, विरुद्धार्थी शब्द लिहा, वाक्यात उपयोग करा. शब्द चहूबाजूंनी चाचपायची ही साधनं इंग्रजीच्या तासाला मात्र अनेकदा दप्तरातच राहतात. ती बाहेर काढली की काय दिसतं बघा. ‘जर्मिनेट’ची सोपी व्याख्या, ‘बी वाढायला लागणं’. समानार्थी ‘स्प्राउट’. पण ‘स्प्राउट’ मोड आलेल्या मटकीलाही चालतो, कोंब फुटलेल्या बटाट्यालाही. ‘जर्मिनेट’ जास्त करून बियांचा आणि लेबलवर शोभणारा. विरुद्धार्थी? ‘मरणं’ म्हणून चालणार नाही. दाणा जिवंत असून सुप्त असू शकतो, त्याला ‘डॉर्मंट’ म्हणतात. एका शब्दाच्या शोधात दुसरा हाती लागला, आणि बियाण्याबद्दलची एक खरी गोष्टही कळली.

आता ‘ड्राय’ घ्या. याच्या विरुद्ध काय? ‘वेट’, असं कोणीही सांगेल. कपड्यांच्या बाबतीत बरोबर. पण ‘ड्राय लँड’ म्हणजे कोरडवाहू. तिच्या विरुद्ध ‘इरिगेटेड’, बागायती. ‘ड्राय काउ’ म्हणजे भाकड गाय. तिच्या विरुद्ध ‘मिल्किंग काउ’, दुभती. कपडा, जमीन, गाय: सोबत बदलली की विरुद्धार्थीही बदलला. मला हे फार विलक्षण वाटतं. म्हणून शब्द वाक्यासकट शिकावा. एकट्या शब्दासमोर लिहिलेला एकटा अर्थ अर्धाच असतो.

समानार्थी शब्दांची गंमत आणखी खोल आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. विद्वानांची लॅटिन होतीच. त्यामुळे ‘आस्क’ हा घरचा, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला आणि ‘इंटरॉगेट’ लॅटिनचा. विचारणं तेच, पण आई ‘आस्क’ करते, पोलीस ‘इंटरॉगेट’ करतात. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि फारसी-अरबी शब्द तर मराठीत त्याच्या कितीतरी आधीपासून मुरलेले आहेत. आपण पाहुण्यांना विनंती करतो आणि तहसीलदाराकडे अर्ज करतो. कुठला शब्द कुठे बसतो, याचा कान आपल्याला आहेच.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट व्याख्येची. ढाक्यात शिक्षणाचं काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी बंगालमधल्या मुलांची अडचण जवळून पाहिली होती: कठीण शब्दाचा अर्थ पाहायला कोश उघडावा, तर अर्थातले शब्दच त्याहून कठीण. 1935 साली त्यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासोबत एक कोश काढला. त्यात फक्त 1,490 शब्द वापरून सुमारे 24,000 शब्द आणि वाक्प्रचार समजावले होते. दीड हजाराच्या आतल्या शब्दांनी चोवीस हजारांची दारं उघडली! पुढे 1978 च्या लाँगमन कोशाने सुमारे 2,000 शब्दांत हेच केलं. म्हणजे ज्या मुलाचे साधे दोन हजार शब्द पक्के झाले, त्याला उरलेली इंग्रजी इंग्रजीतूनच शिकता येते.

आपल्याकडची कोशांची मेहनत तर याहून जुनी. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. त्यानंतर त्यांनी इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला, पण प्रकृती ढासळून त्यांना मायदेशी परतावं लागलं. टॉमस कँडी यांनी तो नेटाने पुरा करून 1847 साली छापला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे 60,000 शब्द आहेत. शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, याच्या खुणा आहेत. म्हणी आणि वाक्प्रचारही भरपूर. ही आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोधता येते, मोबाइलवरसुद्धा.

तेव्हा आष्टीतल्या मुलांनो, रोज दहा शब्द घोकू नका, दोनच घ्या. प्रत्येकाला वहीचं अर्धं पान द्या. अर्थ सोप्या इंग्रजीत लिहा, जवळचा शब्द आणि उलट शब्द शोधा, आणि वाक्य पुस्तकातलं न उतरवता तुमच्या शेतातलं, गोठ्यातलं, एसटी स्टँडवरचं लिहा. दोन दिवसांनी पान झाकून आठवा, आठवड्याने पुन्हा आठवा.