जुना संगणक आणि ‘एक्स विंडो’ पद्धती

काशीच्या पंचगंगा घाटावर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा व धूतपापा या पाच नद्यांचा संगम मानला जातो. डोळ्यांस मात्र एकटी गंगाच दिसते. युनिक्स संगणकांवरील ‘एक्स विंडो’ पद्धतीत काहीसे असेच घडते. पडद्यावरील प्रत्येक चौकटीस विंडो, म्हणजे खिडकी, म्हणतात. खिडकीत दिसणारे काम दूरच्या, अदृश्य संगणकावर चाललेले असू शकते. जवळचा संगणक केवळ तिचे चित्र रेखाटतो.

ही पद्धती १९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत जन्मली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये निघाली. तिच्यातील संदेशांचे मूलभूत नियम आजही तेच आहेत.

एका जातीच्या यंत्रासाठी सिद्ध केलेली आज्ञावली दुसऱ्या जातीच्या यंत्रास कळत नाही. म्हणून जुन्या संगणकास नवी आज्ञावली तयार मिळणे कठीण असते. मूळ संहिता खुली असल्यास ती त्या यंत्राच्या भाषेत पुन्हा उतरविता येते. तेही न साधल्यास आज्ञावली नव्या संगणकावर चालवून तिची खिडकी जुन्याच्या पडद्यावर उघडावी. मात्र पुढे भर पडलेल्या चित्रणसोयींवाचून जिचे चालत नाही, अशी आज्ञावली तेथे उघडणार नाही. एवढी मर्यादा ओळखल्यास जुने यंत्रही उपयोगी पडते.