यांत्रिक ई-सिगारेट : घटता रोध, वाढता धोका

नवी दिल्ली येथे १८ सप्टेंबर २०१९ रोजी झालेल्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या बैठकीत ई-सिगारेटवर बंदी घालणाऱ्या वटहुकुमास मंजुरी देण्यात आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर केले. या निर्णयामागे प्रामुख्याने तरुणांमधील निकोटीनच्या व्यसनाची चिंता होती. या उपकरणांच्या ‘यांत्रिक’ प्रकारात मात्र विजेचाही धोका आहे आणि त्याची चर्चा तुलनेने कमी झाली आहे.

सर्वसाधारण ई-सिगारेटमध्ये विद्युतधारा नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. यांत्रिक प्रकारात ते नसते. धातूची नळी, लिथियम-आयन सेल, दाबावयाची कळ आणि तापणाऱ्या तारेचे वेटोळे, एवढीच त्याची रचना. कळ दाबताच सेल थेट वेटोळ्याशी जोडला जातो. किती धारा वाहावी, हे मग केवळ वेटोळ्याचा रोध ठरवितो.

ओहमच्या नियमानुसार व्होल्टेजला रोधाने भागले असता धारा मिळते. पूर्ण भारित सेलचे व्होल्टेज ४.२ असते. वेटोळ्याचा रोध १ ओहम असल्यास धारा ४.२ अँपिअर आणि शक्ती सुमारे १८ वॅट येते. रोध ०.२ ओहमवर आणल्यास हेच आकडे २१ अँपिअर व ८८ वॅट होतात. दिल्लीच्या थंडीत पाणी तापविण्यासाठी वापरला जाणारा १५०० वॅटचा रॉडदेखील साडेसहा अँपिअरच्या आसपास धारा घेतो. शिवाय घरात फ्यूज असतो. या नळीत तो नाही.

अधिक वाफेच्या हव्यासापायी काही वापरकर्ते जाड तार गुंडाळून रोध मुद्दाम कमी करतात. खरी अडचण येथेच उद्भवते. सेललाही स्वतःचा अल्पसा अंतर्गत रोध असतो आणि त्यात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे धारा दुप्पट झाली की सेलच्या पोटातील उष्णता चौपट होते. सेलच्या क्षमतेपलीकडे हे गेले, आवरण फाटून शॉर्ट सर्किट झाले किंवा खिशात कळ दाबली गेली, तर आतील रसायने अनियंत्रितपणे तापू लागतात. वायू बाहेर पडण्यास पुरेशी छिद्रे नसतील, तर नळी फुटते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मे २०१८ मध्ये, तर टेक्सासमध्ये जानेवारी २०१९ मध्ये ई-सिगारेटच्या स्फोटामुळे प्रत्येकी एका तरुणाचा मृत्यू झाला.

भारतीय कायद्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांबद्दल पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नियंत्रक मंडल नसल्यामुळे यांत्रिक उपकरण कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, असे मानण्यास फारसा वाव दिसत नाही. नाव, आकार वा स्वरूप कोणतेही असो, ते व्याख्येत येईल, अशीच कायद्याची शब्दरचना आहे.