मंदी आणि महायुद्ध : सालेकशाच्या एका पिढीचा मागोवा

आज गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेले सालेकसा १९२९ साली मध्यप्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्याच्या पूर्व टोकावरचे एक लहान गाव होते. पश्चिमेस आमगाव आणि गोंदिया, पूर्वेस दरेकशाचे डोंगर आणि त्यांतील बोगदा, त्यापलीकडे डोंगरगड, आणि या सर्वांना सांधीत नागपुराहून थेट कलकत्त्याकडे जाणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा लोहमार्ग, असा त्याचा भूगोल होता. या मार्गामुळेच न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात झालेली उलथापालथ आणि रंगूनच्या बंदरात पडलेले बाँब या दोन्हींचे पडसाद धानाच्या या मुलुखात, तेथील माणसांनी ज्यांची नावेही ऐकली नव्हती अशा शहरांकडून, येऊन पोचले.

त्या काळच्या सालेकशातील एखादे मध्यम स्थितीचे घर डोळ्यांसमोर आणावे. तलावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या काही बांध्या, पडवीत मीठ, तेल आणि तंबाखू विकणारे लहानसे दुकान, आणि उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपत्ता यांतून होणारी थोडी रोख मिळकत, एवढ्यावर त्याचा योगक्षेम चाले. अशा घराला खायला धान घरचेच असे, परंतु तीन गोष्टींसाठी त्याला नगद रुपयाच लागे : मालगुजाराकडे भरावयाची तौजी (साऱ्याचा हप्ता), सावकाराचे व्याज आणि लग्नकार्याचा खर्च. मंदीने नेमका या नगदीवरच घाव घातला. १९२९ नंतरच्या चार-पाच वर्षांत देशभर शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले, पण बंदोबस्तात एकदा ठरलेला सारा आणि स्टँपाच्या कागदावर लिहून दिलेली मुद्दल भावाबरोबर उतरण्याचे काहीच कारण नव्हते. म्हणून ज्या देण्यासाठी पूर्वी एक गाडी धान गोंदियाच्या बाजारात न्यावे लागे, त्याच देण्यासाठी आता दोन गाड्या नेणे भाग पडले. पीक बुडाले नसताना, कोठार भरलेले असताना कुटुंब कर्जात रुतत गेले, ही या आपत्तीची विलक्षण जात होती.

धानाने भागेना तेव्हा पाळी दागिन्यांवर आली. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलनाचा त्याग केल्यावर सोन्याचा भाव चढला आणि हिंदुस्थानातून कोट्यवधी रुपयांचे सोने परदेशी गेले. सरकारी अहवालांत ही नफ्याची निर्यात म्हणून मांडली गेली, पण गावोगावच्या सराफांकडे आलेल्या बोरमाळा आणि पुतळ्या बहुधा कोणा आईने लेकीसाठी जपलेल्या असत, आणि त्या तौजीच्या मुदतीसाठी मोडल्या जात होत्या. मध्यप्रांत सरकारने १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा करून ऋणको-धनकोंना एकत्र बसविणारी मंडळे स्थापिली, हे त्याच्या श्रेयाचेच होय. मात्र ज्याच्यापाशी तडजोडीचा हप्ता भरण्याइतकीही नगद नव्हती, त्याला कमी झालेले कर्जही भारीच होते.

मग ही घरे तगली कशी? माझ्या मते, त्यांच्या जीवनाचा जो भाग कधी बाजारात गेलाच नाही त्या भागाने त्यांना तगविले. निस्ताराच्या, म्हणजे गावच्या रानातून घरगुती गरजा भागविण्याच्या, हक्काने मिळणारे सरपण, बोडीतली मासळी, पावसाळ्यातील रानभाज्या, डब्यात साठविलेली वाळकी मोहफुले, रोवण्याच्या दिवसांत एकमेकांच्या बांधीत केलेले पैशावाचूनचे श्रम, आणि मजुराला धानाच्याच रूपाने दिली जाणारी मजुरी, यांपैकी कशाचाही भाव पडला नाही, कारण त्याला भावच नव्हता.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि चित्र उलटले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यावर ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला, कलकत्त्याच्या दिशेने सैन्याच्या गाड्या धावू लागल्या आणि धानाचे भाव कल्पनेपलीकडे गेले. परंतु या तेजीचा लाभ ज्याच्या ढोलीत माल थांबू शकत होता त्यालाच झाला. चुरणी होताच देणे फेडण्यासाठी धान विकणारा लहान शेतकरी आणि पैशात मजुरी घेणारा हमाल यांच्या वाट्याला फक्त महागाई आली. त्याच वर्षी ऑगस्टात ‘चले जाव’ आंदोलनात चिमूर आणि आष्टी येथे रक्त सांडले आणि प्रांतभर धरपकड सुरू झाली. १९४३ साली बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि मध्यप्रांतासारख्या तांदळाच्या शिलकी मुलुखावर बाहेर धान्य पाठविण्याची जबाबदारी आली.

या वर्षांची खूण एखाद्या गृहिणीच्या बटव्यात स्पष्ट दिसली असती. राणीछाप चांदीचा रुपया १ एप्रिल १९४१ पासून चलनातून गेला. त्याच्या जागी कमी चांदीचे नाणे आणि एक रुपयाची कागदी नोट आली. सुट्टी नाणी दिसेनाशी झाली. आणि १९४३ मध्ये तांबे वाचविण्यासाठी मध्ये भोक पाडलेला पैसा निघाला, तो दोरीत ओवता येई. हातात पूर्वीपेक्षा अधिक पैसे आणि दुकानात मातीचे तेल नाही, कापड नाही! त्याच वर्षी कापडावर नियंत्रण आले, तेव्हा दोन जीर्ण लुगड्यांचे धड भाग जोडून दंड घातलेले लुगडे नेसून बायकांनी सणवार साजरे केले.

मंदीत माल होता आणि पैसा नव्हता, युद्धात पैसा होता आणि माल नव्हता. पण दोन्ही वेळा तूट भरून काढण्याचे काम स्वयंपाकघरावरच पडले. ज्या स्त्रियांनी आपल्या वाट्याची पेज पातळ करून घर चालविले त्यांची नोंद कोणत्याही खतावणीत नाही, आणि म्हणूनच आपला आर्थिक इतिहास अर्धा आहे असे मला वाटते.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली, आणि तिच्याबरोबर तौजीचा तो जुना धाक गेला. परंतु गहाणखते, सातबारापूर्वीची पटवाऱ्यांची दप्तरे, दुकानांच्या वह्या अजूनही कोठे कोठे पेटाऱ्यांत आहेत, आणि त्यांना वाळवी लागण्याआधी त्यांच्या नकला करून ठेवणे, तसेच त्या घरांत ज्या आज्यांनी हे दिवस सोसले त्यांच्या लेकीसुनांनी ऐकलेल्या हकिकती लिहून घेणे, हे सालेकशातील शाळा, वाचनालये आणि सुशिक्षित तरुण यांचे कर्तव्य आहे. हे काम त्यांनी या पिढीतच केले पाहिजे, कारण पुढच्या पिढीला ते करता येणार नाही.