कोर्टाची पायरी एकदा मुलांना चढू द्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण घरोघरी ऐकत आलो आहोत. त्यामुळे पाथरीच्या मुलांना कोर्ट म्हटले की भांडण नाहीतर भीती, एवढेच सुचते. म्हणून मुंबईची सहल ठरली की आम्ही पालकांना सांगतो, राणीबाग दाखवाच. पण उच्च न्यायालयाची इमारतही दाखवा. गाइडबरोबर ती आतून पाहता येते.

हा हेरिटेज वॉक २०२१ मध्ये सुरू झाला. कोर्टाचे कामकाज बंद असते तेव्हा, म्हणजे शनिवार-रविवारी तो ठेवतात. नावनोंदणी आधी करावी लागते. पर्यटन महामंडळाकडे चौकशी करूनच रेल्वेचे रिझर्वेशन करा. प्रत्येकाचे ओळखपत्र सोबत घ्या, सामान कमी ठेवा. आत फोटोला बंधने असतात, हे मुलांना आधीच सांगा. नाहीतर तिथे हिरमोड होतो.

कर्नल फुलर यांनी आराखडा केलेली ही गॉथिक इमारत १८७१ ते १८७८ या काळात उभी राहिली. खर्च साडेसोळा लाखांच्या आत, म्हणजे मंजूर रकमेपेक्षा थोडा कमीच! २०१८ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वर दोन पुतळे आहेत, न्याय आणि दया. आपल्या उर्दूत अद्ल आणि रहम.

मध्यवर्ती दालनात मात्र जरा जास्त वेळ थांबा. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा इथेच झाली. त्याआधी, १८९७ च्या खटल्यात, नाकारला गेलेला जामीन टिळकांना अखेर दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. १९०२ मध्ये ते हंगामी मुख्य न्यायाधीश झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. पुढे १९५६ मध्ये टिळकांचे कोर्टातले उद्गार कोरलेल्या शिलालेखाचे अनावरण झाले, ते मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या हस्ते. ही नावे आपल्या मुलांनी त्या भिंतींच्या आत उभे राहून ऐकावीत. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते जास्त लक्षात राहते.

परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा हे न्यायालय आपले झाले. १९८१ पासून औरंगाबाद खंडपीठ आहे, म्हणून आता आपल्याला अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

परतताना रेल्वेत एक खेळ घ्या. वकील, फिर्याद, जामीन, दावा, हुकूम, मुद्दत, तारीख. हे शब्द मराठी की उर्दू? मुले वाद घालतील, घालू द्या. अदालतीची भाषा आपल्या घरातलीच आहे, हे त्यांना आपोआप उमजेल. मग एखादी मुलगी म्हणालीच, "अब्बा, मला वकील व्हायचंय," तर तिला जुनी म्हण ऐकवू नका.