ग्रंथपालाची उमेदवारी : घरून आणि दालनातून

कळव्याहून खाडी ओलांडली की ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींच्या उद्योगातून १८९३ साली उभे राहिलेले मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, आणि उलट दिशेची लोकल धरली तर १८६४ पासून चालत आलेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आहे. असा समृद्ध शेजार लाभलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष अनुभवाची वानवा भासू नये, असे सहज वाटते. परंतु दिवसा कचेरीत हजेरी लावून मुक्त विद्यापीठाची पदवी संपादू पाहणारा संध्याकाळी मोकळा होतो, तेव्हा वाचनालयाची देवघेव आटोपत आलेली असते.

२०२० च्या टाळेबंदीत राज्यातील ग्रंथालयांना ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कुलपे होती, आणि घरबसल्या आंतरवासितेचा विचार त्या सक्तीतूनच बळावला. पुढे नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर वर्गांत कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक दिले, त्यामुळे तो निकडीचाही झाला.

घरून काय साधते, हे तालिकीकरणात उत्तम दिसते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली, २००० सालापासून वापरात असलेली ‘कोहा’ ही मोफत प्रणाली आंतरजालावरून चालते. सबब कळव्याच्या उमेदवाराने रात्री केलेली नोंद ग्रंथपालाला सकाळी आपल्या टेबलाशी तपासता येते. राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वनामाने, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून व विनोदी लेख ‘बाळकराम’ म्हणून लिहिले. ही तिन्ही नावे एका प्रमाण नोंदीखाली आणून परस्परांशी जोडली नाहीत, तर एकाच लेखकाची ग्रंथसंपदा तालिकेत तीन ठिकाणी विखुरते. असे जोडकाम शांतपणे, एकट्याने व दुरूनही शिकता येते, किंबहुना गर्दीच्या दालनापेक्षा अधिक चांगले शिकता येते.

परंतु शिळाप्रेसवर छापलेले, मुखपृष्ठ हरवलेले आणि स्पर्शासरशी कागदाचा चुरा होऊ लागलेले पुस्तक कसे उचलावे, हे पडद्यावरून कळणे नाही; आणि ‘इतिहासाचे काहीतरी द्या’ म्हणत आलेल्या तरुणाला वस्तुतः स्पर्धा परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका हवी आहे, हे दोन-तीन सौम्य प्रश्नांत जाणून घेण्याचे कौशल्य तर वाचकासमोर उभे राहिल्यावाचून अंगी येत नाही. वाचकाचा वेळ वाचवावा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाच्या पाच सूत्रांत गोवले, ते अशाच प्रसंगांसाठी. म्हणूनच माझ्या मते आरंभीचे दिवस दालनातच गेले पाहिजेत, मग ते सुटीच्या दिवसांचे का असेनात. पुस्तके हाताळलेल्या उमेदवाराची घरून केलेली नोंदही निराळी उतरते.

यात खरा भार ग्रंथपालावर पडतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये अनुदान घेणाऱ्या आपल्या वाचनालयांत सेवकवर्ग तुटपुंजा असतो, आणि न तपासलेल्या नोंदींचा ढीग म्हणजे विद्यार्थ्याकडून फुकट करून घेतलेली टंकलेखकी होय. यास्तव विद्यापीठ आणि वाचनालय यांच्या करारनाम्यात तपासणीचे तास व त्यांचे मानधन ही दोन्ही कलमे आधी लिहिली जावीत, आणि विद्यार्थ्याच्या कामाची मुदत त्यानंतर ठरावी.