कासची फुलं, मेणवलीचा घाट आणि आपल्या हातातला फोन



गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या की पुढचा अर्धा तास फोनचा असतो. कुणाच्या फोनवर स्वित्झर्लंडचा बर्फ, कुणाच्या फोनवर केरळची होडी, कुणाच्या फोनवर आफ्रिकेतल्या बाजारात डोक्यावर टोपली घेऊन चाललेली बाई. आम्ही सातारा आणि सांगली, दोन्हीकडच्या गटांमध्ये बसतो आणि दोन्हीकडे हेच बघतो. काही जणी आता नुसत्या बघत नाहीत. यात्रेचा, सहलीचा, शेताचा व्हिडिओ स्वतः काढतात आणि पुढं पाठवतात. आज त्याच विषयावर बोलायचं आहे.

दूरदेशीचं बघून घरच्यांना सांगायची हौस काही फोनबरोबर आलेली नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या आणि परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांचं तिथल्या लोकस्थितीवरचं पुस्तक मराठीत निघालं. तिथली घरं कशी चालतात, मुली काय शिकतात, बायका कोणती कामं करतात, संस्था कशा उभ्या करतात, हे त्यांनी सविस्तर लिहिलं. कॅमेरा नव्हता, पण इकडच्या बायकांना काय कळलं पाहिजे, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. आजच्या कितीतरी व्हिडिओंत नेमकं तेच नसतं. डोंगर दिसतो, ढग दिसतात, गाणं वाजतं आणि संपतं.

व्हिडिओ आपल्याला ती जागा दाखवत नाही. काढणाऱ्यानं जे निवडलं, ते दाखवतो. वाईजवळचं मेणवली बघा. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा तो सुरेख घाट आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलेला आहे. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' सिनेमाचं गावाकडचं बरंच शूटिंग तिथं झालं. सिनेमा देशोदेशी गेला, पण त्यात गावाचं नाव चरणपूर आणि ते दाखवलंय उत्तरेकडचं. सातासमुद्रापार लोकांनी आपला घाट बघितला आणि तो साताऱ्याचा आहे हे त्यांना कळलंच नाही. सिनेमात हे चालतं, ती गोष्टच असते. पण फोनवर आलेल्या व्हिडिओखाली कुणीतरी एक नाव लिहितं आणि आपण ते खरं धरून चालतो. पावसाळ्यात दुसऱ्याच कुठल्या तरी घाटातली कोसळलेली दरड आपल्या घाटाच्या नावानं फिरते आणि एसटीनं येणाऱ्या पोरीच्या काळजीनं आई रात्रभर जागते. म्हणून व्हिडिओ आला की आधी विचारायचं, हा कुठला, कधीचा आणि कुणी काढला? सांगता आलं नाही, तर पुढं पाठवायची घाई कशाला?

आता कासकडे वळू. व्हिडिओनं एखाद्या जागेचं काय होतं, हे कासइतकं दुसरीकडं कुठं शिकायला मिळणार नाही.

सातारा शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर हे पठार आहे. खाली जांभा दगड आणि वर मातीचा अगदी पातळ थर. एवढ्याशा मातीत झाड काही धरत नाही, पण पावसाळ्यात बारीक रोपं उगवतात आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पठार फुलांनी भरून जातं. तेरडा, गेंद, सोनकी अशी कितीतरी. सीतेची आसवं हे निळं नाजूक फूल तर सगळ्यांना माहीत असतं, पण ते रोप किडे खातं हे फार कमी जणींना माहीत असतं. माती निकस, तिच्यातून पोषण मिळत नाही. म्हणून त्या रोपाला खाली बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ओल्या जमिनीतले सूक्ष्म जीव अडकतात. वायतुरा नावाच्या फुलाच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातल्या चार आहेत, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. म्हणजे वारसा साताऱ्याचाही आणि सांगलीकरांच्या चांदोलीचाही.

तेव्हापासून फोटो आणि व्हिडिओ सगळीकडं फिरले आणि माणसं लोटली. माणसं येणं वाईट नाही, भोवतालच्या गावांना हंगामात त्यावर चार पैसे मिळतात. पण ज्यानं व्हिडिओ बघितला त्याला तसाच व्हिडिओ हवा असतो, चारी बाजूंनी फुलं आणि मधोमध आपण. वाटेवर उभं राहून तो मिळत नाही. मग पाय फुलांत जातो. एक रोप तुडवलं तर काय बिघडलं, असं वाटतं. इथं जरा शेतकरी बाईच्या डोळ्यांनी बघा. ही बहुतेक रोपं एका हंगामाची असतात. फूल गळून बी तयार व्हायच्या आत रोप मोडलं, तर पुढच्या वर्षी त्या जागेवर पेरणीच झालेली नसते. शिवाय पायाखाली दबलेली पातळ माती पुढच्या पावसात दगडावरून वाहून जाते. हरभऱ्याच्या घाट्यात दाणा भरायच्या आत रान तुडवलं तर काय होईल, ते आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून वन विभागानं आणि भोवतालच्या गावांच्या समितीनं हंगामात दिवसाला ३,००० लोकांची मर्यादा घातली, ऑनलाइन नोंदणी ठेवली आणि गावातलीच माणसं राखणीला आणि माहिती सांगायला उभी केली. मध्ये काही वर्षं पठाराला जाळीचं कुंपणही होतं. पण त्यानं गुरांचं चरणं थांबलं, गवत माजलं आणि फुलं दबली, असं लोकांचं म्हणणं पडलं आणि जाळी निघाली. आम्हाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गुराचं चरणं हा त्या जागेच्या रोजच्या जगण्याचा भाग होता, पण सुंदर व्हिडिओत गुरं आणि गुराखी कधी येत नाहीत. त्यामुळं बाहेरच्या माणसाला वाटतं की फुलं आपोआप येतात.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोर नावाचं लहान शहर आहे. २०१९ मध्ये तिथल्या डोंगरावर केशरी पॉपीची फुलं भरभरून आली, फोटो पसरले आणि इतकी गर्दी उसळली की रस्ते तुंबले आणि वाट काही काळ बंद करावी लागली. २०२३ मध्ये पुन्हा बहर आला तेव्हा शहरानं तो डोंगर लोकांना बंदच ठेवला. युरोपात ऑस्ट्रियामध्ये हॉलस्टॅट म्हणून तळ्याकाठचं एक गाव आहे. वस्ती साडेसातशेच्या आसपास आणि हंगामात एका दिवसात येणारे पाहुणे हजारोंनी. २०२३ मध्ये गावानं वैतागून फोटोच्या ठरलेल्या जागेपुढं लाकडी फळ्यांचा आडोसा उभा केला. टीका झाल्यावर तो काढला, पण गाऱ्हाणं जगापुढं आलं. आपल्या दारात, आपल्या खिडकीपुढं दिवसभर परके लोक फोन धरून उभे राहिले तर कसं वाटेल?

तसं आपल्याकडंही व्हायला लागलंय. माणदेशात मेंढरं घेऊन चाललेली धनगराची बाई, उसाच्या फडात मोळी बांधणारी बाई, चुलीपुढं भाकरी थापणारी म्हातारी, हे सगळं आता लोकांना 'गावाकडचं जीवन' म्हणून बघायला आवडतं. गाडी थांबते, फोन निघतो, विचारपूस काही नाही. आपण कुणाच्या तरी व्हिडिओतलं दृश्य होऊन जातो आणि आपल्याला पत्ताही नसतो. अशा वेळी सरळ म्हणायचं, "दादा, कशासाठी काढताय? कुठं टाकणार?" उत्तर पटलं तर काढू द्या, नाही पटलं तर नको म्हणा. यात उद्धटपणा काही नाही. आणि हाच नियम आपल्यालाही. सहलीला गेल्यावर तिथल्या बाईचा व्हिडिओ घ्यायचा तर आधी, "मावशी, काढू का?"

यात्रेत नदीवर अंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायका कुणाच्या फोनमध्ये आल्या, तर तो मात्र नुसत्या रीतीभातीचा प्रश्न राहत नाही. संमती नसताना बाईच्या अंगाचं असं खासगी चित्रण करणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. असा व्हिडिओ तुमच्याकडं आला तर "बघ गं काय चाललंय" म्हणूनसुद्धा मैत्रिणीला पाठवू नका. पाठवणारीही त्यात येते. आपल्या बाबतीत असं घडलं तर पोलिस ठाण्यात तक्रार द्या, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा नंबरही आहे. गटातल्या दोघी-चौघी सोबत गेल्या तर तक्रार लिहून घ्यायला उशीर होत नाही, हा आमचा अनुभव.

गावानं स्वतः ठरवून दार उघडलं तर गोष्ट वेगळी होते. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. तिथं लोकांच्या घरांत पुस्तकं ठेवली आहेत आणि पाहुणा येऊन वाचत बसतो. घर तेच, पण कुठली खोली दाखवायची हे घरमालकानं ठरवलेलं. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी' हे चॅनेल पुष्कळ जणी बघतात. तिथंही स्वयंपाक आजींचा, मसाला आजींचा आणि काय दाखवायचं ते घरच्यांच्या हातात. त्यांचं चॅनेल २०२० मध्ये हॅक झालं होतं, नंतर ते परत मिळालं. म्हणून ज्या जणी चॅनेल काढायचं म्हणतात त्यांना आमचं सांगणं, पासवर्ड कुणाला देऊ नका आणि सेटिंगमध्ये जाऊन दुहेरी पडताळणी चालू करा. म्हणजे पासवर्ड कळला तरी तुमच्या फोनवर खात्री केल्याशिवाय कुणाला आत शिरता येत नाही.

मग पाठवायचं तरी काय? आम्हाला विचाराल तर डोंगरापेक्षा रोजचं काम पाठवा. खानापूर-आटपाडीकडची किती कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. एखादी जाऊबाई तमिळनाडूत असेल तर तिला म्हणा, इरोडच्या हळदीच्या बाजाराचा व्हिडिओ पाठव. आपली सांगलीची हळद नावाजलेली, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. इरोडही हळदीचं मोठं ठिकाण. तिकडं हळद कशी शिजवतात, वाळवतात कशावर, पॉलिश कसं करतात, हे दोन मिनिटं बघितलं तर गटात तासभर बोलणं होईल. केनियात आपल्या बचत गटासारख्या मंडळांना 'चामा' म्हणतात. बायका ठरावीक दिवशी जमतात, पैसे गोळा करतात, पाळीपाळीनं वापरतात. भाषा कळत नाही, पण पैसे मोजणारे हात आणि वहीत लिहिणारी बाई बघितली की काय चाललंय ते बरोबर कळतं. असे व्हिडिओ शोधून बघा. आणि आपली बैठक त्यांना दाखवायची असेल तर कुणाच्या नावावर किती कर्ज आहे, ते वहीचं पान कॅमेऱ्यात येऊ देऊ नका!

उलट्या धबधब्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात, तेही सांगून टाकतो. पाटण तालुक्यात सडावाघापूरला दरीतून वर येणारा वारा इतका जोराचा असतो की कड्यावरून पडणारं पाणी फवाऱ्यासारखं परत वर उडतं. त्यात जादू नाही आणि व्हिडिओ मागून उलटा चालवलेलाही नाही. पण वारा पडलेला असला तर तिथं उलटं काहीच दिसत नाही. धुक्यात कड्याची कडा कळत नाही, शेवाळलेल्या दगडावर पाय सरकतो. जोराच्या पावसात जिल्हा प्रशासन अशा काही ठिकाणी जायला बंदी घालतं, निघायच्या आधी चौकशी करा.

सप्टेंबरात कासला जायचं ठरवणाऱ्या गटांसाठी दोन-तीन गोष्टी. नोंदणी आधी करून जा आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळा. व्हिडिओ वाटेवर उभं राहूनच काढा. फोन फुलाजवळ खाली नेला तर फूल मोठं आणि छान येतं, त्यासाठी आत शिरावं लागत नाही. सोबत आलेल्या गावातल्या वाटाड्याला फुलाचं नाव विचारा आणि तेच व्हिडिओत बोलून घ्या, म्हणजे बघणारीला काहीतरी कळेल. तिथून लगेच पाठवू नका. सगळ्या जणी सहलीला आणि घराला कुलूप, हे साऱ्या जगाला कशाला सांगायचं? घरी पोचा, चहा घ्या, मग निवांत पाठवा आणि खाली गावाचं नाव, तारीख आणि तुमच्या गटाचं नाव लिहा.