पट सप्टेंबरचा, वर्ग जानेवारीचा

कर्जतहून मुंबईला थेट लोकल आहे. अलिबागला जायचं तर खोपोली-पेण करत दिवस मोडावा लागतो. रायगड जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी बसतात अलिबागला. ‘जिल्ह्याच्या शाळा नेमकं कोण चालवतं ते बघून ये,’ असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी अलिबाग टाळून कशेळ्याच्या रस्त्याला लागलो.

कागदावरची उतरंड सोपी आहे. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी. 1994 साली साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख आला. राज्यभर 4860 केंद्रं झाली. शाळेच्या दारापर्यंत नियमाने पोचणारा साहेब तो हाच.

मला भेटलेल्या केंद्रप्रमुख बाईंची स्कूटी कातकरी वाडीच्या अलीकडेच थांबते, पुढे पायवाट. शाळा दोनशिक्षकी, चार इयत्ता दोन खोल्यांत. बाई खुर्चीत बसल्या नाहीत. तिसरीतल्या एका पोराजवळ मांडी घालून बसल्या आणि धडा उघडून म्हणाल्या, “वाच रे, घाई नाही.” तो जोडाक्षरावर अडला. बाईंनी सांगितलं नाही, थांबल्या. त्याने दोनदा चुकून तिसऱ्यांदा काढलं. मग त्याच शब्दाचं वाक्य त्याच्याकडून कातकरीत वदवून घेतलं, कारण घरी बोलतात ती भाषा तीच. गुरुजी मागे उभे राहून बघत होते. शेरेबुकात बाईंनी दोनच ओळी लिहिल्या, त्यातली एक जोडाक्षरांच्या सरावाची. शिक्षक नेमणं बाईंच्या हातात नाही, बदल्या तर ऑनलाइन होतात. मग अधिकार उरतो तो एवढाच. तरीही जिल्ह्याची गुणवत्ता ज्याला म्हणतात ती मला या सतरंजीवर दिसली, अहवालात नव्हे.

अहवालाचा प्रश्न वेगळाच. शिक्षक किती मिळणार हे संचमान्यता ठरवते आणि तिच्यासाठी पट धरतात 30 सप्टेंबरचा. तेव्हा पोरं वाडीतच असतात, शेतं उभी असतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वार्षिक परीक्षा येते मधेच, एप्रिलमध्ये. म्हणजे शाळा मोजायची भरल्या वर्गावर आणि जोखायची रिकाम्या वर्गावर! हा हिशेब कोणी लबाडीने मांडलेला नाही. पण वीटभट्टीचं वर्ष जूनला सुरू होत नाही, एवढं तो मांडणाऱ्याला सुचलेलं दिसत नाही.

यावर सरकारचा उतारा म्हणजे शिक्षण हमी कार्ड. मूल जाईल तिथल्या शाळेने कार्ड बघून त्याला बसवून घ्यायचं. कार्ड गुरुजी भरून देतात. पुढे भट्टी शाळेपासून लांब, मालकाला काम उरकायचं, आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला थांबलेली. खालापूरकडच्या भट्टीवर गेलेलं मूल निदान मराठी शाळेच्या आसपास असतं. तिथे फोन करून, जवळच्या केंद्राच्या मागे लागून काही पोरं बाई बसवतात. पण तो फोन पलीकडून कोणी उचलायला हवा. केंद्रप्रमुखांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, एकाच्या गळ्यात दुसऱ्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार पडतो, आणि दहाच्या वीस शाळा झालेला माणूस माहिती भरण्यातच संपतो.

रायगडातली काही कुटुंबं कोळसा पाडायला थेट कर्नाटकात जातात. तिथली शाळा कन्नड. बाई त्यांचीही कार्डं भरून घेतात.